प्रज्वलनं शिवलेल्या टोप्या

फोन आला तेव्हा मी एका गिऱ्हाइकाच्या ब्लाऊजचं कापड कापत होते. जांभळं, हातातून निसटणारं कापड. असलं कापड कापताना मध्येच थांबलं की धार वाकडी जाते, म्हणून फोन खांद्याशी दाबून धरला आणि कात्री चालू ठेवली. पलीकडे माझा भाऊ विलास होता, अकोल्याहून. आधी नुसता श्वास ऐकू आला. मग म्हणाला, "ताई, आपला पज्जू गेला व." सकाळचे पावणेदहा वाजले असतील... मी "बरं" म्हणाले. बरं! आणि फोन खाली ठेवून राहिलेली बाही खडूच्या रेघेवरून पूर्ण कापली, एक सूतही इकडचं तिकडे न होऊ देता. मग पाटावर बसले आणि तिथून मला उठता येईना. शेजारच्या काकूंनी येऊन उठवलं. सतरा वर्षांचं पोर गेल्याचं ऐकून मावशीनं बाही सरळ कापली, याची मला पुढे बरेच दिवस लाज वाटत राहिली.

या गोष्टीला आता दीड महिना होत आला. मी काही लिहिणारी बाई नाही. अमरावतीत रुक्मिणीनगरात घराच्या पुढच्या खोलीत बायकांचे कपडे शिवते, त्याला बावीस वर्षं झाली. पण प्रज्वलबद्दल लोक जे बोलतात ते ऐकून मला राहवत नाही. 'बिचारा', 'देवाला आवडला', 'आजारानं छळलं पोराला'... जणू त्या पोरानं आजारी पडण्याखेरीज आयुष्यात काही केलंच नाही. तो बिचारा नव्हता. हे कुणीतरी लिहून ठेवायला हवं म्हणून लिहिते आहे.

प्रज्वल माझ्या धाकट्या बहिणीचा, सुनीताचा मुलगा. सुनीता मोर्शीकडच्या एका खेड्यात दिलेली. घरची संत्र्याची बाग, विहिरीला पाणी, खाऊनपिऊन सुखी घर. तिचे यजमान गजाननराव बोलायला तुटक आणि कामाला वाघ. संत्र्याचं झाड बियांपासून नाही करत. जंबेरी नावाच्या रानटी लिंबाच्या रोपाला चीर द्यायची, त्या चिरेत संत्र्याचा कोवळा डोळा, म्हणजे अंकुर, बसवायचा आणि पट्टीनं अलगद बांधायचा. या कामात गजाननरावांसारखा हात आसपासच्या चार गावांत नाही असं म्हणतात. लग्नानंतर सहा वर्षांनी त्यांच्या घरी हे पोरगं आलं. दहावीला चांगले मार्क पडले, आणि पेढे वाटता वाटताच ठरून गेलं की पोरगा डॉक्टर होणार. अकरावीला अमरावतीत, कोचिंग क्लास लावायचा, आणि राहायचं मावशीकडे. माझे यजमान जाऊन बारा वर्षं झालेली, मला मूलबाळ नाही. कुणीतरी घरात येणार म्हणून मी आठ दिवस आधीच मागची खोली चुन्यानं रंगवून घेतली होती.

तो आला तो एका हातात ज्वारीच्या पिठाचा डबा आणि दुसऱ्या हातात पुस्तकांची पिशवी घेऊन. उंच, किडकिडीत, कान जरा मोठे. चप्पल काढायच्या आधी त्याची नजर माझ्या पायमशीनवर गेली. "मावशी, हे एका पायानं चालते का दोन?" हा त्याचा माझ्या घरातला पहिला प्रश्न. मी म्हटलं, "दोन्ही लागतात, अन् डोकंही लागते." तो हसला. त्याचं हसणं मोठं होतं, आजूबाजूच्या माणसाला दचकवणारं.

सकाळी सायकलवर क्लासला जायचा, दोनच्या सुमारास यायचा, कढी-गोळे असले तर चार गोळे जास्त खायचा आणि माझ्याच खोलीत चिंध्यांच्या ढिगाला टेकून अभ्यास करायचा. मागच्या खोलीत टेबल-खुर्ची होती, पंखा होता, तरी याला इथंच बसायचं असे. एकदा मी बटणं आणायला राजकमल चौकाकडे गेले होते. परत येऊन बघते तर दोन चिंध्या एकमेकींना जोडलेल्या, आणि जोड अशी सरळ की मी ती पट्टी लावून तपासली. "कोणं शिकवलं रे तुले?" "कोणं कायले शिकवते? रोज पाहून राहिलो ना." मला तेव्हाच त्याला उठवून पुस्तकाशी बसवायला हवं होतं. मी मात्र त्याला बॉबिन भरायला शिकवलं.

गणपतीपर्यंत तो पिको-फॉल करू लागला, दसऱ्याला त्यानं अस्तराचा पहिला ब्लाऊज शिवला. गिऱ्हाईक बायका सुरुवातीला संकोचायच्या. तोही समजूतदार, कुणी माप द्यायला आलं की उठून ओट्यावर जाऊन बसायचा. पण तयार ब्लाऊज घालून बाई आरशासमोर उभी राहिली की लांबूनच सांगायचा, कुठे ओढतंय, कुठे झोळ पडतोय. एक निवृत्त शिक्षिका माझ्याकडे यायच्या. पडून त्यांचा डावा खांदा मोडला होता आणि तो जुळल्यावर जरा खालीच राहिला. त्यांचा ब्लाऊज त्या बाजूनं नेहमी घसरायचा. मीही दरवेळी बाही घट्ट करून द्यायची, आणि त्या दरवेळी पिन लावून निभावून न्यायच्या. प्रज्वल म्हणाला, "मावशी, बाही नको घट्ट करू. डावीकडे खांद्यातच एक बोट कापड जास्ती ठेव अन् आतून पातळ गादी दे." तसं केलं. बाईंनी आरशात पाहिलं आणि त्यांचे डोळे भरून आले. "वर्षभर मी समजत होते, माझाच खांदा बिघडला," त्या म्हणाल्या. तो बाहेरून ओरडला, "खांदा चांगला हाये मॅडम, आमचा ब्लाऊज चुकून राहिला होता!"

अभ्यासात तो वाईट नव्हता, मध्यम होता. एकदा कापड घडी करता करता म्हणाला, "मावशी, फिजिक्स समजते मले. पण गोडी नाई लागत. कापडाचं कसं, हातात घेतलं का तेच सांगते कसं कापाचं ते. मले हेच शिकाचं हाये. मोठ्या शाळा असतात याच्या, म्या मोबाईलवर पाह्यलं." मी म्हटलं, "बारावी होईस्तोवर तोंड बंद ठेव." आणि सुनीतानं फोनवर विचारलं की मी सांगायची, पज्जू अभ्यासाला बसलाय. खोटं नव्हतं ते अगदी, पण खरंही नव्हतं.

त्या हिवाळ्यात, आंबिया बहाराच्या संत्र्यांचा तोडा चालू झाला होता तेव्हाची गोष्ट. गजाननराव न सांगता आले, संत्र्याची थैली घेऊन. प्रज्वल मशीनवर एका लहान मुलीच्या फ्रॉकला झालर लावत होता. गजाननराव दारात उभे राहून बघत राहिले. आत आले, पाणी प्यायले, चहा घेतला. कपबशी खाली ठेवून म्हणाले, "ताई, म्या पोट्टा डॉक्टर बनाले पाठवला, अन् तुमी त्याले बायाईचं काम शिकवून राहिल्या."

मी काही बोलायच्या आत प्रज्वलच म्हणाला, "बाबा, तुमी डोळे बांधता तेई तं नाजूकच काम हाये."

"ते शेतीचं हाये," गजाननराव म्हणाले, आणि विषय संपला. दोन दिवसांनी त्यांनी त्याला क्लासजवळच्या एका होस्टेलमध्ये नेऊन टाकलं. मी आडवी आले नाही. मूल त्यांचं होतं, आणि लपवाछपवी माझी होती. जाताना तो गाल फुगवून होता, पण फाटकातून परत आला आणि म्हणाला, "त्या हिरव्या ब्लाऊजच्या बाह्या उलट्या लागतीन बरं, नीट पाहजो." त्या उलट्याच लागल्या होत्या.

होस्टेलवर त्याला ताप यायचा, उतरायचा. दात घासताना हिरड्यातून रक्त यायचं. मुलं म्हणाली, मेसचं खाणं बाधलं असेल. तिसऱ्या आठवड्यात तो क्लासच्या जिन्यावर चक्कर येऊन पडला. अमरावतीच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, रिपोर्ट दोनदा वाचला आणि सांगितलं, अकोल्याला न्या, तिथं रक्ताच्या आजाराचे मोठे डॉक्टर आहेत. विलासचं घर अकोल्यात डाबकी रोडला, म्हणून तेच सोयीचं पडलं. रक्ताचा कॅन्सर हे शब्द मला विलासनं सांगितले. आमच्या घरात तोवर ते कुणी मोठ्यानं उच्चारले नव्हते.

मग औषधांची आवर्तनं सुरू झाली. काही दिवस वॉर्डात, काही दिवस विलासकडे, पुन्हा वॉर्डात. सुनीता तिथंच मुक्कामाला गेली. मी दर रविवारी बडनेऱ्याहून गाडी पकडायची. पहिल्या महिन्यातच त्याचे केस गेले. त्याचं त्यानं फार मनाला लावून घेतलं नाही. त्याला त्रास झाला तो टोपीचा. विकतच्या टोप्यांची शिवण आतून असते. एरवी ती केसांवर बसते म्हणून कळत नाही. बोडक्या, दुखऱ्या डोक्याला ती सुतळीसारखी रुतते. "मावशी, ज्यानं ही टोपी बनवली त्यानं एक डाव टक्कल करून पाह्याले पाह्यजे होतं," तो म्हणाला. मी हसले. तो मात्र टोपी उलटसुलट करून बघत होता.

त्याच आठवड्यात गजाननराव माझ्या दारात उभे. बाहेर छोटा टेम्पो. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले. "ताई, ती मशीन पाह्यजे होती. पज्जू मांगून राहिला. विलासभाऊच्या घरी ठिवतो." माझ्याकडे दोन मशिनी होत्या, ज्या जुनीवर तो शिकला ती द्यायची मी ठरवलं आणि तिच्यावरचं सामान काढू लागले. गजाननराव पायरीवर बसले. थोड्या वेळानं माझ्याकडे न बघता म्हणाले, "ताई, खरं सांगा बरं. पोट्टा तुमच्याकडे असता, तं आंधी समजलं असतं ना?"

महिनाभर ते हाच प्रश्न उराशी घेऊन फिरत असणार. मला दोन उत्तरं देता आली असती. 'नाही हो' म्हणून त्यांना मोकळं करता आलं असतं, नाहीतर गप्प राहून त्यांना तसंच जळू देता आलं असतं. खोटं कशाला सांगू, दुसरं उत्तर माझ्या मनात आलं होतं, कारण तो राग माझ्या पोटात होताच. पण आणखी एक गोष्ट होती, ती मी कुणालाच सांगितली नव्हती. मी म्हटलं, "गजाननराव, तुम्ही त्याला न्यायच्या आधीच मी त्याच्या पायाच्या नळीवर निळा डाग पाहिला होता. असा मोठा. तो म्हणाला, पायडल लागलं असन. मी हळद लावली अन् विसरून गेले. मलाही नाही समजलं."

ओट्यावर एक कुत्रं येऊन बसलं होतं, ते त्याच्याकडे बघत राहिले. मग उठले, धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं आणि म्हणाले, "मंग आपण दोघंई सारखेच." मशीनची एक बाजू त्यांनी उचलली, दुसरी मी. पुढे अकोल्याच्या डॉक्टरांनी आम्हाला समजावून सांगितलं की या आजारात दोन-तीन आठवड्यांनी सहसा काही बदलत नाही. आम्ही दोघांनीही मान हलवली. पण अशा गोष्टी मानेला पटतात, बाकीच्या शरीराला पटायला वेळ लागतो. मला अजून लागतो आहे.

मशीन अकोल्याला गेली आणि प्रज्वलनं जुने, धुऊन मऊ झालेले टी-शर्ट गोळा करायला सुरुवात केली. आमचे, विलासच्या पोरांचे, शेजाऱ्यांचे. त्यातून टोप्या शिवायच्या, आणि शिवण मुद्दाम बाहेरून ठेवायची. वॉर्डातल्या मुलांच्या आयांना आधी वाटलं, पोरानं चुकून टोप्या उलट्या शिवल्या. एका बाईनं तर सरळ करून मुलाच्या डोक्यात घातली, आणि मूल रडायला लागल्यावर पुन्हा उलटी केली. मग त्या टोप्यांचं नावच 'उलटी टोपी' पडलं. वॉर्डात मशीन नेता येत नव्हती, तिथं तो हातानं शिवायचा. पण त्याच्या रक्तात गोठायची ताकद कमी व्हायची तेव्हा सुई हातात घ्यायला बंदी असे. नुसतं टोचलं तरी रक्त थांबत नाही. म्हणून रोज सकाळी रिपोर्ट आला की तो सिस्टरला आधी विचारायचा, "सिस्टर, आज सुई भेटन काय?" त्या कधी अंगठा वर करायच्या, कधी मान हलवायच्या. मान हलली की दिवसभर तोंड पाडून बसायचा.

अशाच एका बंदीच्या दिवशी मी तिथं होते. एक टोपी अर्धी राहिली होती आणि ती ज्या मुलाची, तो दुसऱ्या दिवशी घरी जाणार होता. सुनीता चपात्या आणायला विलासकडे गेलेली. गजाननराव खाटेशी स्टुलावर. प्रज्वल त्यांना म्हणाला, "बाबा, तुमी करता काय?" मला वाटलं आता ते उठून बाहेर जातील. त्यांनी हात धुतले, शर्टाला पुसले आणि सुई घेतली. "कसं?" "टाका बारीक घ्या. अजून बारीक. दोरा ओढू नका, कापड गोळा होते." खेड्यातला तो राकट माणूस जीभ दातात धरून, डोळे बारीक करून एकेक टाका घालत होता. आणि खरं सांगते, माझ्या पहिल्या वर्षीच्या कुठल्याही शिकाऊ पोरीपेक्षा ते टाके सरस होते. कोवळा डोळा सालीत बसवणारा हात तो, त्याला कापड काय जड? प्रज्वल टक लावून बघत होता. शेवटी म्हणाला, "बाबा, जमते हो तुमाले." गजाननराव म्हणाले, "तुयाच बाप हाओ मी." त्यानंतर बंदीच्या दिवशी सुई त्यांच्याकडे जायची, हे ठरूनच गेलं.

परी नावाची सहा वर्षांची एक मुलगी होती, मूर्तिजापूरकडची. ती कुठलीच टोपी घालत नव्हती. प्रज्वलनं विचारलं, "काहून व?" ती म्हणाली, "मले दोन वेण्या पाह्यजे." त्यानं मला फोन करून काळी लोकर मागवली आणि टोपीला दोन लांब वेण्या लावल्या, टोकाला लाल रिबिनी. परी ती टोपी घालून अख्ख्या वॉर्डात, सलाइनचा स्टँड ओढत ओढत फिरली.

हे वाचून कुणाला वाटेल, पोरगं संत होतं. अजिबात नाही. त्याचाही तोल जायचा. एका रविवारी मी गेले तर त्यानं एक चांगला टी-शर्ट कात्रीनं कापून चिंधोट्या केलेल्या, सुनीता कोपऱ्यात रडत बसलेली. तोंडात फोड आले होते, तीन दिवस धड गिळता येत नव्हतं. सुनीता म्हणाली होती, बाळा, परवाच्या त्या पोरासाठी टोपी करायची ना? त्यावर तो तिच्यावर ओरडला होता, "कोणाले पाह्यजे टोप्या? लोकाईले केस पाह्यजेत!" मला बघून त्यानं भिंतीकडे तोंड केलं. मी जवळ बसले. अर्ध्या तासानं भिंतीकडे बघतच म्हणाला, "मावशी, म्या मोबाईलवर सगळं पाह्यलं. किती जण वाचतात, किती नाई." मी विचारलं, "मग?" "मंग काई नाई. आईले नको सांगजो, म्या पाह्यलं म्हणून." मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. पाठ केवढीशी झाली होती... त्यानंतर तो झोपला. उठल्यावर त्यानं सुनीताला जवळ बोलावलं आणि त्याच चिंधोट्या जोडून एक रंगीबेरंगी टोपी करायला लागला.

पावसाळा संपता संपता औषधांनी गुण दिला. रिपोर्ट चांगले आले. डॉक्टर म्हणाले, आता घरी न्या, गोळ्या चालू ठेवा, महिन्याला दाखवा. मोर्शीकडे गावी गेला तेव्हा डोक्यावर नवे केस आले होते, आणि गंमत म्हणजे आधी सरळ होते ते कुरळे आले. मशीनही त्याच्यासोबत गेली. गजाननरावांनी ती पडवीत, उजेड येतो त्या बाजूला मांडून दिली, आणि भाऊबंद जेवायला जमले असताना सगळ्यांसमोर म्हणाले, "बारावी झाली का त्याले जे शिकाचं ते शिकू द्या. कोणं मधात बोलू नका." प्रज्वलनं त्याच संध्याकाळी मला फोन करून हे वाक्य बापाच्या आवाजात म्हणून दाखवलं. तीनदा.

दिवाळीनंतर तो दोन दिवस माझ्याकडे आला. माझ्या घरातली ती त्याची शेवटची खेप, पण तेव्हा ते कुणाला ठाऊक? भरपूर जेवला. मी वाढेन ती प्रत्येक गोष्ट दोनदा मागून घेतली. आल्यागेल्या गिऱ्हाइकांशी गप्पा मारल्या. त्या खांदेवाल्या शिक्षिका मुद्दाम त्याला भेटायला आल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुरपाईला बसले आणि सुईत दोरा जाईना. डोळ्यांत मोतीबिंदू पिकतो आहे, आपरेशन मी पुढे ढकलत होते. दोन-तीनदा दोरा ओला केला, उजेडाकडे धरला, नाहीच. तो बघत होता. "दे इकडे," म्हणाला. एक सुई ओवून दिली. मग म्हणाला, "मी गेल्यावर कोणाले मांगशीन?" आणि कपाटातून सुयांची पाकिटं काढून खाली मांडी घालून बसला. लाल, काळा, पांढरा, मोतिया, शेवाळी... जितक्या सुया होत्या तितक्या ओवल्या, दोरे हातभर सोडून खाली गाठी मारल्या, आणि जुन्या गादीच्या फोमच्या तुकड्यावर रंगांप्रमाणे ओळीनं टोचून ठेवल्या. "आता पुरतीन. सरल्या का फोन करजो, पुन्हा येईन."

महिनाभरानं ताप आला. आजार परत फिरला होता, आणि या वेळी औषधांना त्यानं जुमानलं नाही. अकोल्याच्या त्याच वॉर्डात तीन आठवडे. शेवटच्या रविवारी मी गेले, तर आदल्याच दिवशी जंतुसंसर्ग झाला म्हणून कुणालाच आत सोडलं नाही; काचेतून पाहिलं, त्यानं हात वर केला की नाही ते मला नीट दिसलं नाही. तिसऱ्या दिवशी तो विलासचा फोन. गावी बागेतला तोडा तेव्हा ऐन भरात होता. गजाननरावांनी तो थांबवला. दहा-बारा दिवस फळं झाडावर तशीच राहिली, काही गळाली. मग ते एकटेच उठून बागेत गेले. सुनीता अजून कमी बोलते. परवा परीच्या आईचा फोन आला होता, तिला आमच्याकडची बातमी उशिरा कळली. परी आता शाळेत जाते. केस कानापर्यंत आलेत, तरी वेण्यांची टोपी घालूनच जाते, आणि बाई काढायला सांगतात म्हणून रोज भांडण होतं. सांगता सांगता परीची आई रडली आणि मीही.

सुया मी वापरत राहिले. आधी वाटलं, ठेवून द्याव्यात, हात लावू नये. पण लोकांचे कपडे थांबत नाहीत, आणि मला ओवता येत नाही ही वस्तुस्थिती. एकेक दोरा संपला की रिकामी सुई डबीत टाकायची. पांढऱ्या आधी संपल्या, मग काळ्या, मग मोतिया. मागच्या आठवड्यात फोमवर एकच राहिली होती, शेवाळी दोऱ्याची. शेवाळी रंगाचं काम रोज थोडंच येतं. मी मनाशी म्हणायची, ही राहू दे.

काल दुपारी कॉलेजातली एक मुलगी धावत आली. निरोप समारंभ, पहिल्यांदाच साडी, आणि ब्लाऊजचा हूक तुटलेला. अंगावरच धरून उभी, रिक्षा बाहेर थांबलेली. "काकू, पटकन लावून द्या ना!" ब्लाऊज मरून रंगाचा होता. मी फोमकडे पाहिलं. हूक आतून बसतो, दोरा बाहेर दिसत नाही... मी ती सुई काढली आणि हूक पक्का लावून दिला, सहा टाके, बारीक. मुलगी आरशात बघून हसली आणि पळाली. उरलेला वीतभर दोरा दुसऱ्या एका ब्लाऊजच्या काजाला लागला. संपला.

मग मी काळं रीळ घेतलं, दाराशी उजेडात स्टूल ओढलं आणि दोरा ओला करून सुईला लावला. हुकला. टोक कापून पुन्हा लावला, पुन्हा हुकला. पाच-सहा वेळा तरी झालं असेल. मग गेला. मी गाठ मारली आणि कामाला बसले.